वैनगंगेवरचे दोन पूल

बालमित्रांनो, नागपूरहून भंडाऱ्यामार्गे साकोलीकडे जाणाऱ्या एसटीत कधी बसलात, तर एक गोष्ट नक्की करा. नागपूरपासून साधारण ६० किलोमीटरवर भंडारा शहर लागतं. तिथं गाडी थांबते, शेंगदाणे-फुटाणेवाले खिडकीशी येतात, गाडी पुन्हा सुटते. त्यानंतर मात्र डुलकी घ्यायची नाही! कारण शहर संपलं न संपलं तोच चाकांचा आवाज बदलतो. आतापर्यंत घरघर करणारी गाडी ठरावीक अंतरानं धडक्-धडक् करू लागते. आजूबाजूची दुकानं, पाट्या, झाडं एकदम नाहीशी होतात आणि खाली दिसतं लांबरुंद पाणी. गाडीतल्या आजीबाई हात जोडतात. एखादे आजोबा खिशातून नाणं काढून खिडकीबाहेर भिरकावतात. पोट्टे सीटवर उभे राहतात आणि आई त्यांना खाली ओढते.

ही आमची वैनगंगा आणि हा तिच्यावरचा कारध्याचा मोठा पूल.

पूल ओलांडला की पलीकडे कारधा गाव. म्हणून पुलालाही सगळे कारध्याचाच पूल म्हणतात. मी या पलीकडच्या बाजूच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यामुळे हा पूल मी उन्हाळ्या-पावसाळ्यात, सकाळ-संध्याकाळ पाहिला आहे. आज तुम्हाला तो दाखवते.

नदी कुठली, कुठे चालली?

वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ, सातपुड्याच्या डोंगररांगांत होतो. तिथून मोठा वळसा घेत ती बालाघाट जिल्ह्यातून येते आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या भातखाचरांमधून वाहू लागते. बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद अशा नद्या तिला वाटेत भेटतात. पुढे पवनी, वडसा असं करत ती गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या मधून जाते. तिथं तिला वर्धा नदी मिळते. दोघींचं मिळून नाव होतं प्राणहिता. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला.

म्हणजे पहा, भंडाऱ्याला पुलाखालून वाहणारं पाणी शेवटी आंध्र प्रदेशातल्या समुद्रकिनाऱ्याला लागतं. नकाशावर बोट फिरवून हा प्रवास एकदा करून पाहा.

आता पुलावरच्या रस्त्याचा प्रवास पाहू. हा राष्ट्रीय महामार्ग ५३. पूर्वी याचा क्रमांक ६ होता. रस्त्यांचे क्रमांक बदलल्याला बरीच वर्षं झाली, तरी आमच्याकडची जुनी मंडळी अजून ‘सहा नंबर रोड’ असंच म्हणतात. हा रस्ता गुजरातमध्ये सुरतजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर! नदी चालली उत्तरेकडून दक्षिणेकडे, रस्ता चालला पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि दोघांची गाठ पडते आमच्या भंडाऱ्यात.

चौथीच्या वर्गाची सहल

परिसर अभ्यासात ‘वाहतूक’ हा विषय आला, तेव्हा मी ठरवलं की तो पुस्तकातून न शिकवता पुलाशी जाऊन शिकवायचा. दोन पालकांना सोबत घेतलं आणि चौथीची मुलं घेऊन आम्ही कारध्याच्या बाजूला, रस्त्यापासून चांगलं आत, एका झाडाखाली बसलो. पुलावर काही गेलो नाही. इतक्या रहदारीत लहान मुलांना पुलावर उभं करणं बरं नव्हे.

खेळ असा होता: येणाऱ्या गाडीच्या नंबराची पहिली दोन अक्षरं वाचायची, राज्य ओळखायचं आणि वहीत त्या राज्यापुढे एक काडी ओढायची. पाच काड्या झाल्या की एक जुडी. एमएच ३६ दिसलं की मुलं ओरडत, ‘‘आपला भंडारा!’’ एमएच ३५ म्हणजे शेजारचा गोंदिया. १९९९ साली १ मे रोजी आमच्या जिल्ह्यातूनच तो वेगळा झाला. मग सीजी म्हणजे छत्तीसगड, ओडी म्हणजे ओडिशा, डब्ल्यूबी म्हणजे पश्चिम बंगाल, जीजे म्हणजे गुजरात. लोखंडी सळ्यांचा ट्रक गेला, तांदळाची पोती भरलेला गेला, कोऱ्या मोटारगाड्या पोटात घेतलेला भला लांब ट्रकही गेला. थोड्या वेळात वह्या भरून गेल्या!

शहराच्या बाहेरून बायपास काढला तो याचसाठी. ज्याला भंडाऱ्यात कामच नाही त्या ट्रकनं बाजारातून, शाळेच्या दारावरून कशाला जावं? पण गावागावांतून भंडाऱ्याच्या दवाखान्यात, कचेरीत, कॉलेजात जाणाऱ्यांना मात्र कारध्याचा पूल हवाच. पवनी-अड्याळकडून येणारा रस्ताही कारध्यालाच महामार्गाला मिळतो.

‘‘मॅडम, पूल धडक्-धडक् का करतो?’’ एका मुलीनं विचारलं.

छान प्रश्न! पूल म्हणजे एकच सलग लांब दगड नसतो. खांबाखांबांवर ठेवलेल्या तुकड्यांचा तो बनलेला असतो आणि मध्ये थोड्या फटी सोडलेल्या असतात. त्या फटींवरून चाक गेलं की धडक् होतं. आता या फटी का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि डिसेंबरच्या पहाटे शेकोटी लागते. उष्णतेनं वस्तू प्रसरण पावतात हे तुम्ही शिकलाच आहात. ३० मीटर लांबीचा काँक्रीटचा तुकडा ३० अंशांनी तापला तर साधारण १ सेंटिमीटर लांब होतो. त्याला पसरायला जागा ठेवली नाही तर तो शेजारच्या तुकड्याला ढकलेल आणि तडे जातील. बसच्या बाकावर थोडी जागा सोडून बसतो ना आपण, तसंच!

लहान पूल

मोठ्या पुलाजवळच आणखी एक पूल आहे. तो ठेंगणा आहे, जुना आहे, इंग्रजांच्या काळातला आहे. त्याला सगळे ‘लहान पूल’ म्हणतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते, ‘‘कारध्याचा लहान पूल वाहतुकीसाठी बंद’’. नदी चढली की हा पूल पाण्याखाली जातो.

मुलांना वाटलं, इंग्रजांना पूल बांधता येत नव्हता की काय? तसं नाही. त्या काळी रस्त्यावर बैलबंड्या जास्त आणि मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ठेंगणा पूल बांधायला पैसा कमी लागतो. पूर आला की दोन-चार दिवस थांबायचं, उतरला की पुन्हा बंड्या जुंपायच्या, असा तो हिशेब होता. पूल नव्हता तेव्हा तर लोक डोंग्यातून नदी पार करत, आणि पुरात तेही बंद. म्हणून वर्षातले बहुतेक दिवस उघडा राहणारा पूल हीदेखील त्या लोकांना मोठीच सोय होती. आज आपल्याला एक दिवससुद्धा थांबणं जमत नाही, म्हणून उंच पूल लागतो.

पण उंच असो की ठेंगणा, पुलाचे खांब पाण्यातच उभे असतात. त्यांना खरी भीती असते ती पायाखालची. एक प्रयोग सांगते. नदीकाठी, घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात, वाळूवर मोठ्या माणसाचा हात धरून उभे राहा. थोड्या वेळानं काय होतं? टाचेखालची वाळू हळूहळू निसटते आणि आपण खचतो. पुलाच्या खांबाशीही पाणी असंच भोवरा करून वाळू उकरतं. म्हणून खांबांचा पाया खूप खोल नेतात. खांबाची पाण्याकडची बाजू गोल किंवा टोकदार ठेवतात, म्हणजे पाणी दोन्ही अंगांनी सरळ निघून जावं. आणि म्हणूनच पुलाजवळची रेती उपसायची नसते. ट्रॅक्टर भरून रेती नेणाऱ्याला वाटतं, नदी मोठी आहे, एवढ्यानं काय होतं? पण ती रेती म्हणजे खांबाचं पांघरूण असतं.

२४५.५० हा आकडा

आमच्या भागातल्या लहान पोराला पाढे येवोत न येवोत, पावसाळ्यात एक आकडा तो हमखास ऐकतो: २४५.५०. कारधा इथं वैनगंगेच्या पाण्याची पातळी मोजतात. २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी.

चौथीतल्या एका मुलानं डोळे मोठे करून विचारलं, ‘‘मॅडम, नदी २४५ मीटर खोल आहे जी?’’

सगळे हसले. पण हसायचं कारण नाही, पुष्कळ मोठ्यांनाही हे माहीत नसतं. ही उंची नदीच्या तळापासून मोजलेली नाही, ती समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. म्हणजे समुद्राच्या पाण्याची सरासरी पातळी शून्य धरली, तर कारध्याला नदीचं पाणी तिच्यापेक्षा सुमारे २४५ मीटर उंचावर वाहतं. उंचावर आहे म्हणून तर ते उताराउतारानं समुद्रापर्यंत जातं! सगळीकडे एकाच शून्यापासून मोजलं की वरच्या गावचं आणि खालच्या गावचं पाणी ताडून पाहता येतं. कारध्याला पातळी इतकी चढली, तर कोणत्या वस्तीत पाणी शिरेल हे आधीच सांगता येतं आणि तिथल्या लोकांना हलवता येतं.

हे किती महत्त्वाचं असतं ते आम्ही २०२० साली पाहिलं. ऑगस्टचे शेवटचे तीन दिवस होते. करोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस झाला. सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर भीमगडचं संजय सरोवर धरण आहे, तिथून पाणी सोडावं लागलं. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे, त्याचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले. मध्ये आमचा भंडारा! धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली. शहराच्या सखल वस्त्यांत पाणी, काठच्या खेड्यांत पाणी, लोंबीवर येऊ घातलेल्या धानात पाणी. लोकांना नावेतून बाहेर काढलं, शाळांमध्ये आणि समाजमंदिरांत ठेवलं.

आमच्या शेजारच्या एक आजी अजून सांगतात, ‘‘बाई, वरून थेंब नाही अन् खालून घर भरलं. पाणी येईन कुठून, समजेच ना!’’ आजींचं कोडं तुम्हाला आता सुटेल. पाऊस पडला होता शेकडो मैल पसरलेल्या डोंगरांवर, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागला. आपल्या अंगणात ऊन पडलं म्हणून पूर ओसरला असं समजायचं नाही. नदीच्या वरच्या अंगाला काय झालं ते विचारायचं.

‘‘माझे बाबा काढतात गाडी’’

सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात गप्पा चालल्या होत्या. आमच्या शाळेच्या रस्त्यावर एक नाला आहे आणि त्याच्यावर रपटा आहे. रपटा म्हणजे अगदीच बुटका पूल, कठडे नसलेला. वैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही. ते मागे तुंबतं आणि रपटा बुडतो. मोठ्या नदीचा पूर असा आमच्या दारातल्या नाल्यापर्यंत येतो.

मी म्हटलं, ‘‘रपट्यावरून पाणी वाहत असेल तर काय करायचं?’’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘थांबायचं!’’ पण एक मुलगा गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘‘माझे बाबा काढतात गाडी. दूध नासते ना जी.’’

वर्ग शांत झाला. त्याचे वडील पहाटे मोटारसायकलला दुधाच्या कॅन अडकवून भंडाऱ्याला जातात. दूध वेळेत पोचलं नाही तर त्या दिवसाची कमाई गेली. त्यांना ‘थांबा’ म्हणणं सोपं आहे, थांबणं महाग आहे. मी त्या मुलाला म्हटलं, ‘‘तुझे बाबा धीराचे आहेत. पण पाण्याला कुणाचा धीर कळत नाही. आपण पाण्याचं गणित करू.’’

मग फळ्यावर गणित मांडलं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरली तर तेवढंच, मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटारगाडीला तरंगवू शकतं, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे दिसत नाही. मुलांनी पट्ट्या उभ्या धरून स्वतःच्या पायाला लावून पाहिल्या. त्या मुलानंही लावून पाहिली.

पावसाळा सुरू झाल्यावर एके दिवशी त्याचे वडील शाळेत आले. मला वाटलं, रागावले असतील. ते हसून म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही पोराला काय शिकवलं जी? पाणी दिसलं का गाडीची चाबीच लपवते! पट्टी घेऊन दारात उभा राहते.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘त्या दिवशी दुधाचं नुकसान झालं. आईनं खवा केला. थोडा तरी पैसा निघाला.’’

त्यांनी आणि गावातल्या इतरांनी रपटा उंच करून द्या, असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. खरा उपाय तोच आहे. माणसांनी थांबायलाच हवं, पण दरवर्षी त्यांनाच का थांबावं लागतं हेही विचारायला हवं. दवाखान्यात निघालेल्या बाईला आणि परीक्षेला निघालेल्या मुलाला मोठ्या शहरातल्या लोकांइतकाच पूल हवा असतो.

पुलालाही म्हातारपण येतं

आपल्या महाराष्ट्रात एक फार वाईट रात्र येऊन गेली. २ ऑगस्ट २०१६. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवर इंग्रजांच्या काळातला दगडी पूल होता. मुंबई-गोवा महामार्गावरचा. पुराच्या पाण्यात तो अंधारात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली, कितीतरी माणसं दगावली. त्यानंतर राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी झाली. सावित्रीवर नवा पूल बांधून २०१७ च्या जूनमध्ये तो सुरू झाला.

आणखी एक घटना अगदी अलीकडची. १५ जून २०२५, रविवार. पुणे जिल्ह्यात मावळातल्या कुंडमळा इथं इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. सुट्टी म्हणून पाणी पाहायला आलेल्या लोकांची त्यावर गर्दी झाली होती. चार जणांचा जीव गेला.

हे घाबरवायला सांगत नाही. पण पूर आला की आमच्या भागातही लोक पाणी बघायला धावतात, मोबाईलवर फोटो काढायला कठड्याशी वाकतात. कडेवर लहान मूल घेऊन आलेले पालकही मी पाहिले आहेत. जुन्या पुलावर लावलेली पाटी शोभेची नसते. ज्याला त्या पुलाचं वय आणि दुखणं माहीत आहे अशा इंजिनिअरनं ती लावलेली असते. पालकांनीही हे वाचावं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

बदललेली नदी

आमच्या आजोबांच्या पिढीनं उन्हाळ्यात पुलावरून पाहिलेली नदी वेगळी होती. मधोमध पाण्याची धार आणि दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र रेती. त्या रेतीत ढिवर बांधव डांगरवाड्या लावत. डांगर, टरबूज, काकड्या यांचे वेल रेतीवर पसरत. आज तिथं उन्हाळ्यातही पाणी दिसतं. याचं कारण गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पुढे धरण भरत गेलं आणि अडलेलं पाणी मागे-मागे भंडाऱ्यापर्यंत आलं. त्या पाण्यानं कितीतरी शेतांना ओलित दिलं. पण कितीतरी गावांना आपली घरं, देवळं, विहिरी सोडून दुसरीकडे जावंही लागलं. रेतीतल्या वाड्या गेल्या. थांबलेल्या पाण्यावर जलपर्णी माजते, ती वेगळीच डोकेदुखी. नागपूरची नाग नदी सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान आमच्या वैनगंगेला. तेव्हा नागपूरच्या बालमित्रांनो, तुम्ही नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी आमच्या जिल्ह्यात येते, बरं का!

आता तुमची पाळी

तुमच्या गावाजवळही एखादा पूल असेलच. मोठा नसला तर रपटा असेल. घरच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि ही माहिती गोळा करा:

पुलाखालची नदी किंवा नाला कुठून येतो आणि कुणाला मिळतो? पूल बांधण्याआधी लोक पलीकडे कसे जात होते? हे आजी-आजोबांना विचारा. पुलाला खांब किती? फटी किती? पुराचं पाणी सगळ्यांत वर कुठपर्यंत आलं होतं? त्या जागी भिंतीवर खूण आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीला सांगून रंगानं रेघ ओढून घ्या आणि शेजारी साल लिहा. पूल बुडाला तर दुसरी वाट कोणती? दवाखाना कोणत्या बाजूला राहतो?

ही माहिती एका कागदावर नीट अक्षरात लिहून शाळेच्या भिंतीवर लावा. आमच्या चौथीनं लावली आहे. तिच्यात सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात २४५.५० लिहिलं आहे, आणि त्याखाली कुणीतरी पेन्सिलनं कंपासपेटीतल्या पट्टीचं चित्र काढलं आहे.